तपासणारे आणि उपस्थित

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बाई एकोणीस वर्षं परिचर होत्या. चाचण्या त्या करायच्या. रजिस्टरात ‘तपासणारे’ खाली साहेब सही ठोकायचे आणि बाईंचं नाव पडायचं ‘उपस्थित’मध्ये. सहायकाच्या जागेसाठी तोंडी परीक्षेची ही तिसरी खेप होती. चौथी नसते.

समीकरणं लेकीने ओट्यापाशी बसवून शिकवली. बाईंचं घोडं एकाच ठिकाणी पेंड खायचं. बाणाच्या दोन्ही बाजूंना जसेच्या तसे राहणारे आयन खोडायचे असतात, पण एकदा लिहिलेलं खोडायला त्यांचा हात धजायचा नाही.

“रविवारी तुझं नि आत्याचं वाजलं, तेव्हा काका-काकूंनी काय केलं?” लेकीने विचारलं.

“चहा प्यायले.”

“जसे आले तसे गेले. खोड त्यांना.”

“घरी आलेली माणसं गं,” असं म्हणत बाईंनी जीव कठोर करून खोडलं.

परीक्षेला बाहेरच्या एक मॅडम आल्या. शेजारी आपले साहेब. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं तर काय, असा प्रश्न आला. बाईंनी सगळे आयन मांडले, दोन्हीकडचे सोडियम आणि नायट्रेट खोडले. उरलं Ag⁺ + Cl⁻ → AgCl. दोन्हीकडे प्रभार शून्य. मॅडम खूश झाल्या, आणि रजिस्टर उघडून नाखूश झाल्या.

“चाचण्यांचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. इथे तर तुम्ही नुसत्या उपस्थित.”

साहेब छताचा पंखा बघत होते.

“करून दाखवते, मॅडम. साहेब, तेवढी सिल्व्हर नायट्रेटची बाटली द्याल?”

साहेब कपाटापुढे बराच वेळ उभे राहिले आणि ‘नायट्रेट’ वाचता आलेली पहिली पांढरी बाटली घेऊन आले. सिल्व्हर नायट्रेट उजेडाने बिघडतं, म्हणून ते तपकिरी बाटलीत ठेवतात. बाई हे बोलल्या नाहीत. त्यांनी थेंब सोडले. पांढरा साका बसायला हवा होता, पण पाणी नितळ ते नितळच.

“याचं समीकरण लिहा,” मॅडम म्हणाल्या.

बाईंनी लिहिलं. मग सोडियम खोडला, क्लोराइड खोडलं, नायट्रेटही खोडलं. कागदावर नुसता बाण राहिला.

“हे काय?”

“बाटली सोडियम नायट्रेटची आहे, मॅडम. यात सगळेच नुसते उपस्थित.”

मॅडमनी रजिस्टर पुढे ओढलं. “चाचणी फसली. तपासणारे म्हणून साहेब, तुमचं नाव टाकते.”

“माझं कशाला?” साहेब चटकन म्हणाले. “मी आल्यापासून सगळ्या चाचण्या बाईच करतात. सात वर्षं झाली.”

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि कागद साहेबांपुढे सरकवला. साहेबांनी सवयीप्रमाणे न वाचता सही केली.