रिकाम्या खुर्चीचा सराव

जलद बस सुरू होणार म्हटल्यावर थोरलीने घरात जाहीर करून टाकलं, "सोमवारपासून मी एकटी जाणार!" तिची चाकांची खुर्ची आजवर धाकट्या भावाशिवाय गल्लीबाहेर गेली नव्हती. धाकटा तिला उचलून टेम्पोत बसवायचा आणि मग दिवसभर कंबर धरून हिंडायचा. आता चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम मिळालं होतं, पण मालकांनी बजावलं होतं, "पहिल्याच दिवशी उशीर केलात, तर दुसऱ्या दिवशी येऊ नका."

थांबा मोठा चकचकीत होता. उतार, कठडे, बटणं, सगळं जागच्या जागी. भिंतीवर खुर्चीचं चित्र एवढं मोठं, की खुर्चीत माणूस काढायला जागाच उरली नव्हती. बस आली, दार उघडलं, फळी अलगद खाली टेकली. थोरलीला अगदी भरून आलं. तेवढ्यात पर्यवेक्षक धावत आले.

"थांबा, थांबा! ताई, आधी उठा."

"कशाला?"

"खुर्ची आत चढवायचीय ना!"

"अहो, मी खुर्चीतच बसलेय."

"तिथंच तर घोळ आहे." पर्यवेक्षकांनी समजुतीचा सूर लावला. "महिनाभर सराव केलाय आम्ही. दवाखान्यातून खुर्ची मागून आणली, चढवली, उतरवली, पट्टा बांधला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या! पण ती रिकामी होती. भरलेल्या खुर्चीचं आम्हाला शिकवलेलं नाही. तुम्ही जरा उभ्या राहा, की झालं."

"उभं राहता आलं असतं तर तुमच्या फळीचं कौतुक कशाला केलं असतं?"

आतून कुणीतरी खेकसलं, "अहो बाई, उठा की! आम्हाला कामं आहेत."

थोरलीच्या डोळ्यांपुढे दुकानाचं शटर आलं आणि पाठोपाठ धाकट्याची कंबर.

"रिकाम्या खुर्चीवर एखादी वस्तू ठेवलेली चालते का हो?"

पर्यवेक्षक विचारात पडले. "सरावात माझा जेवणाचा डबा असायचा. चालते."

"मग मला डबा समजा."

पर्यवेक्षकांचा चेहरा उजळला. खुर्ची सुर्रकन आत गेली, पट्टा आवळला गेला आणि वाहकाने सामानाचं तिकीट फाडलं. पुढच्या थांब्यावर चढलेल्या एका गृहस्थांनी ते तिकीट पाहिलं आणि आपली बॅग निःशंकपणे तिच्या मांडीवर ठेवली.

"सामानावर सामान ठेवायचं नाही," थोरली म्हणाली. गृहस्थ "सॉरी" म्हणाले. ते तिला की बॅगेला, हे कळलं नाही.

शेवटच्या थांब्यावर वाहकाने विचारलं, "हे कुणाचं सामान?"

"माझंच. सोडा पट्टा."

ती दुकानापाशी पोचली तेव्हा मालक शटर वर करत होते. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला.

"ताई, पोचलीस? चढू दिलं ना नीट?"

"म्हणजे काय! एकटी आले." तिने तिकिटाचा बोळा करून मुठीत दाबला. "तू आपली कंबर शेकत बस."