चौदा बंद खोकी

रॅक घ्यायचाच, असं मी ठरवलं ते पायाची करंगळी तिसऱ्यांदा ठेचकाळल्यावर. आई आमच्याकडे आली तेव्हा तिच्यामागोमाग तिच्या घरातली चौदा खोकी आली. चार महिने झाले तरी ती तिच्या खोलीत उतरवली तशीच जमिनीवर पडून होती, चिकटपट्टीसकट. आई मात्र एका पिशवीतल्या कपड्यांवर दिवस काढत होती. कपडे धुऊन वाळले की घडी करून पुन्हा पिशवीत ठेवायची आणि चेन लावून टाकायची. ती चेन ओढल्याचा आवाज आला की माझं डोकं फिरायचं.

"आई, खोकी उघडूया ना," मी म्हणायची.

"उघडू की. पण ठेवायचं कुठे सगळं?"

घरमालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाही, त्यामुळे तिच्या या प्रश्नापुढे माझं काही चालायचं नाही.

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती सांगायची माझी हिंमत नव्हती. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि यांना आता एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. दादाने आणि मी फोनवर ठरवून टाकलं की आईने आता कायमचं माझ्याकडे राहायचं आणि तिचं भाड्याचं घर सोडून द्यायचं. आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं; पाय बरा होईपर्यंत माझ्याकडे राहा, एवढंच म्हटलं होतं. तू मोठा, तू सांग. तू जवळ आहेस, तू सांग. असं आम्ही एकमेकांवर ढकलत राहिलो. मी मनाशी धरून बसले होते की एकदा खोकी उघडली, तिचे डबे, तिची पुस्तकं, तिची शिवणाची पेटी डोळ्यांसमोर लागली, की ती आपोआप इथली होईल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

दुकानात तीन प्रकार होते. प्लास्टिकचा बोटाने ढकलला तरी डुलत होता. लाकडाचा म्हणून दाखवला तो भुशाचा निघाला. कोपऱ्याला पाणी लागून फुगलेला नमुना दुकानदाराने तसाच मांडून ठेवला होता. राहिला लोखंडी, भोकाभोकांच्या चार पट्ट्या आणि पाच फळ्यांचा. सगळ्यांत स्वस्त तोच. "अर्ध्या तासात उभा राहतो, ताई. लहान मूलही जोडेल," दुकानदार म्हणाला. त्याच्या घरी तसलं मूल असेल तर ते मला एका रविवारापुरतं हवं होतं.

रविवारी सकाळी नवऱ्याने खोकी बाहेरच्या खोलीत रचून दिली, "काही लागलं तर हाक मार," म्हणाला आणि जो अंघोळीला गेला तो दीड तास बाहेर आला नाही. आई पलंगावर बसून बघत होती. सोबतच्या कागदावर अक्षर एक नाही, नुसती चित्रं. त्यातला टकलू माणूस पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत हसत होता. पाना इतका पातळ पत्र्याचा की बोल्ट फिरायच्या आधी तोच वाकायचा. फळीच्या कडेने अंगठा कापला. मी प्रत्येक बोल्ट जीव खाऊन आवळत गेले. दुसरी फळी बसवून रॅक उभा केला तर त्याचा एक पाय अधांतरी.

"आधी सगळे सैल ठेवायचे असतात, मग शेवटी आवळायचे," आई म्हणाली.

"हे आधी सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे?"

सोळा बोल्ट सैल केले. बोटांची सालटी निघाली होती. पुन्हा उभा केला, या वेळी चारही पाय टेकले. मी घाम पुसतेय तोवर आई काठी टेकत आली, खाली वाकली आणि दोन फळ्यांमधल्या जागेवर वीत धरली. एक वीत, आणि वर जेमतेम अर्धी.

"ही वरची फळी दोन भोकं वर घे."

"कशाला? तुझे डबे मावतील एवढी जागा मी मोजून सोडलीय."

"घे तर खरं."

मी दातओठ खात आठ बोल्ट काढले, फळी वर घेतली, आठ बोल्ट घातले. तिसरी फळी लावली. आईची वीत पुन्हा हजर.

"हीसुद्धा दोन भोकं वर."

आता माझा पारा चढला. पाना जमिनीवर आपटून मी म्हणाले, "आई, मी काय इथे दिवसभर बोल्टच काढत-घालत बसू? डब्यांना एवढी उंची लागते का? पुस्तकांना लागते?"

"खोक्यांना लागते," आई म्हणाली. "दोन विती पुरत्या. मी मोजलंय."

"खोकी ठेवायची नाहीयेत आई! खोकी उघडायचीत! त्यासाठी तर हा उपद्व्याप मांडलाय मी!"

ती पलंगावर जाऊन बसली, दुखरा पाय हाताने उचलून सरळ केला. तिला असं बघून मला माझाच राग आला, दादाचाही आला, आणि मग चार महिने घशात अडकलेलं बाहेर पडलं.

"आई, तुला परत जायचं नाहीये. ते घर आम्ही सोडतोय. तू आता इथेच राहायचंस."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता, तो तसाच मागे फिरला. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "दवाखान्यात तुम्ही दोघं बाहेर कुजबुजत होतात तेव्हाच कळलं. माझा पाय मोडला होता, कान नाही."

"मग बोलली का नाहीस? आणि खोकी का उघडू देत नाहीस?"

"उघडली की ते घर संपलं गं," ती म्हणाली. "संपलंय ते कळतंय मला. पण ते माझ्या हाताने नको. आज तरी नको."

माझ्या अंगठ्यातून पुन्हा रक्त यायला लागलं होतं. आईने पिशवीची चेन उघडून एक जुना रुमाल काढला, त्याची चिंधी फाडून माझ्या अंगठ्याला बांधली, गाठ घट्ट मारली.

"दोन भोकं वर घेतेस ना?" तिने विचारलं.

मी पाना उचलला आणि तिसऱ्या फळीचे आठ बोल्ट काढायला बसले.