सोळा किरणांचा सूर्य

“मास्तर, हे सोळा आहेत.”

ताईंनी पिवळ्या साटीनचा सूर्य टेबलावर पसरला आणि बोटानं एकेक किरण पुन्हा मोजला. चौदा, पंधरा, सोळा. झेंडा ज्या देशाचा होता, त्याच्या सूर्याला झेंड्यांच्या पुस्तकात बारा किरण होते.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली नाही. “साचाच तसा आलाय. वरून.”

“वरून म्हणजे कुठून?”

“जिथनं सगळं येतं तिथनं. तुम्ही शिवा.”

सरकारी शिवणखात्याच्या झेंडा विभागात माणसं दोनच. मास्तर कापायचे, ताई शिवायच्या. बावीस वर्षं हेच चाललेलं. एरवी काम बेताचं. कचेऱ्यांवर लावायचे झेंडे, नाहीतर कुणी परदेशी पाहुणा आला तर त्याचे चार. पण या वर्षी देशात मोठ्या क्रीडास्पर्धा भरणार होत्या. एक्क्याऐंशी देश येणार होते. शहरातल्या भिंतींवर धावपटूंची चित्रं चढली होती आणि रेडिओवर रोज कुणी ना कुणी सांगत होतं, की आता जगाला आपली दखल घ्यावीच लागेल.

ताईंचा या बोलण्यावर विश्वास नव्हता. तसा त्यांचा कशावरच पटकन बसत नसे. दुकानातून आणलेलं कापड त्या घरी पुन्हा मोजत, एका डॉक्टरनं दिलेली गोळी दुसऱ्याला दाखवत. खात्यात त्यांना पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत. नवरा बस कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. तो चारचौघांत सांगायचा, “लग्नाला हो म्हणायच्या आधी हिनं माझी उंची मोजून घेतली होती.”

सोळा किरणांचा अर्थ वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही कळला असता. दोन वर्षांपूर्वी त्या देशात एका सेनापतीनं सत्ता बळकावली होती. जुन्या सरकारातली माणसं तुरुंगात घातली आणि झेंड्यातल्या सूर्याला चार किरण जास्तीचे जोडले. जगातल्या एकाही देशानं त्याला अजून मान्यता दिली नव्हती. खेळाडूंनी जुना, बारा किरणांचाच झेंडा घेऊन चालायचं, असं स्पर्धेच्या समितीनं ठरवलं होतं.

ताई सूर्य हातात घेऊन सुपरवायझरच्या खोलीत गेल्या. तिथं मंत्रालयातला एक माणूस बसलेला होता. गेले तीन आठवडे तो येत होता. कधी चहा पीत, कधी नुसताच. बोलणं इतकं गुळगुळीत, की ताईंनी मनातल्या मनात त्याचं नाव गुळगुळीत साहेब ठेवलं होतं.

“लेखी हुकूम द्या, शिवते,” ताई म्हणाल्या.

“ताई, एका झेंड्याला कसला लेखी हुकूम?” सुपरवायझर कसनुसं हसला. “ऐंशी झेंडे शिवलेत, तेव्हा मागितलात का?”

“ते पुस्तकाप्रमाणे होते.”

गुळगुळीत साहेबानं त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. “तुमच्या हाताची फार तारीफ ऐकलीय. पुस्तकं जुनी होतात हो, ताई. सोळाच करायचेत. आणि काही झालंच, तर आम्ही आहोत ना.”

ताई बसल्या नाहीत. ‘काही झालंच तर’ हे तीन शब्द मात्र जिना उतरेपर्यंत कानात राहिले. ज्याला काही होणार नाही याची खात्री असते, तो असं बोलत नाही.

तरी त्यांनी तो झेंडा शिवला. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी शिवला असता, आणि वाकडा शिवला असता. फक्त मास्तरांना बजावलं, “साच्याचा कागद फेकू नका. त्यावर मंत्रालयातल्या साहेबाच्या अक्षरात मापं आहेत. खणात ठेवा, कुलूप लावून.”

मास्तरांनी मान डोलावली.

उद्घाटनाच्या दिवशी ताई आणि नवरा टीव्हीसमोर बसले. एकेक देश चालत येत होता. निळ्या कापडावरचा पिवळा सूर्य दिसला, तसा नवरा ओरडला, “तुझा बघ, तुझा!” ताईंचं लक्ष खेळाडूंकडे नव्हतंच. शिवण कुठं चुरगळलीय का, तेवढंच त्या बघत होत्या. चुरगळली नव्हती. एवढ्यात मैदानावर आधीच रांगेत उभा असलेला एक संघ तोंड फिरवून चालू लागला. मागोमाग दुसरा, मग तिसरा. कॅमेरा झटकन आकाशातल्या फुग्यांकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सरकारचा प्रवक्ता गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “शिवण विभागाकडून अनवधानानं चूक झाली आहे. चौकशी सुरू आहे.”

नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. “चूक? तुझी?”

ताई चपला घालून निघाल्या.

खण रिकामा होता. मास्तर खिडकीशी पाठमोरे उभे.

“कागद कुठाय?”

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“नाहीये, ताई. काय सांगू?”

ताईंना परवाची संध्याकाळ आठवली. गुळगुळीत साहेब बोळात मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि मास्तर खाली बघून ऐकत होते. त्यांनी तिथल्या तिथं दोन आणि दोन चार केले. पुढं विचारलं नाही. स्पर्धा चालल्या ते एकोणीस दिवस त्या टेबलावर फक्त कात्रीचा आणि मशीनचा आवाज होता. बावीस वर्षं मास्तरांबरोबर डबा वाटून खाणाऱ्या ताई डबा घेऊन जिन्यात जाऊन बसायच्या. माणूस विकला जातो, त्यात नवल नाही, त्या मनाशी म्हणत. पण हा माणूस?

स्पर्धा संपल्या आणि चौकशीचं बोलावणं आलं. टेबलापलीकडे एक अधिकारी, शेजारी गुळगुळीत साहेब. अधिकाऱ्यानं एक कागद पुढं सरकवला.

“साक्षीदार म्हणून सही करा. सुटलात तुम्ही.”

ताईंनी वाचलं. ‘साचा मी स्वतः काढला. काढताना किरण मोजण्यात माझी चूक झाली. शिवणाऱ्या बाईंना याची काही कल्पना नव्हती.’ खाली मास्तरांची सही. अक्षर त्यांच्या कापण्यासारखंच, कुठं थरथर नाही.

“दोन मिनिटं,” ताई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. मास्तर बोळातल्या बाकावर बसले होते.

“साच्याचा कागद तुम्ही दिला नाहीत?”

“मी कशाला देऊ? त्या दिवशी सकाळी आलो तर खणाला कुलूपच नवं होतं. माझी किल्ली चालेना. दुपारी उघडून दिलं, तर आत काही नाही.”

“आणि बोळात तो काय सांगत होता?”

“हेच. की चूक ठरली तर दोघांतलं एक नाव द्यावं लागेल, विचार करून ठेवा म्हणून.”

“मग मला बोलला का नाहीत?”

मास्तरांनी वर पाहिलं. “तुम्ही विचारलंत कुठं? तुमचं ठरलेलं होतं. तुमचं एकदा ठरलं की माणसानं काय बोलायचं?”

ताईंना बसावंसं वाटलं, पण त्या उभ्याच राहिल्या.

“हे लिहून कशाला दिलंत?”

“माझं पुढच्या वर्षी तसंही संपतंय, ताई. तुम्हाला अजून नऊ वर्षं आहेत. जा आत, सही करून टाका.”

ताई आत गेल्या. त्यांनी पेन उचललं, तसा अधिकारी खुर्चीत सैल झाला. मास्तरांच्या सहीखाली जागा होती तिथं ताईंनी सावकाश लिहिलं, ‘मास्तरांनी कापलेला प्रत्येक तुकडा मी शिवायच्या आधी मोजते. हाही मोजला. सोळा किरण भरले. सोळाच हवेत असं मला सुपरवायझरच्या खोलीत तोंडी सांगण्यात आलं. कापण्यात चूक नाही, शिवण्यातही नाही.’ मग सही केली.

गुळगुळीत साहेबानं वाचलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजाला खरखर आली. “ताई, हे काय केलंत? सुटला असतात की.”

“मोजण्यात चूक, असं तुम्ही लिहून घेतलंत. आमच्या टेबलावर ती होत नाही.”

आठवडा संपायच्या आत दोघांच्याही घरी पत्रं पोहोचली. उद्यापासून येऊ नये.

ताईंनी घरी शिवणकाम सुरू केलं. शेजारणी यायच्या, पण कापड देताना हळूच विचारायच्या, “खरंच चुकलं होतं का हो?” फ्रॉक शिवून झाला की दारातच बटणं मोजून घ्यायच्या. नवरा चिडायचा. ताई म्हणायच्या, “मोजू दे. मी नव्हते मोजत?”

पाच महिन्यांनी पहिल्या पानावर फोटो आला. तोच सेनापती विमानाच्या पायऱ्या उतरत होता आणि खाली आपले मंत्री हात पुढं करून उभे. त्याचं बंदर आता आपली जहाजं वापरणार होती. आणखी दोन देश त्याच्याशी बोलायला तयार झाले होते. स्पर्धेत दाखवलेल्या ‘मोकळ्या मनाबद्दल’ त्यानं आभार मानले, असंही खाली छापलं होतं.

त्याच्या आधीच्या आठवड्यात सुपरवायझर दारात उभा राहिला होता. घाम पुसत, नजर चुकवत.

“चाळीस झेंडे हवेत, ताई. सोळा किरणांचे. नव्या कटरला जमत नाहीयेत, टोकं फाकतात. साचा तर... गहाळ झालाय. तेवढी मापं सांगाल का?”

ताईंनी त्याला पाणी दिलं.

“ती चूक होती ना?” त्या म्हणाल्या. “चूक पुन्हा बरोबर कशी करायची, ते मला नाही येत.”

तो पाणी पिऊन गेला.

फोटो आला त्या दुपारी ताई वर्तमानपत्र घेऊन मास्तरांकडे गेल्या. त्या एकोणीस दिवसांबद्दलची एक गोष्ट पाच महिने त्यांच्या ओठांवर होती. आजही ती आधी बोलायची ठरवून त्या आल्या होत्या. मास्तर गॅलरीत खुर्चीवर, मांडीवर जुनी चादर घेऊन बसले होते. खूपच वाळले होते. ताईंनी फोटो दाखवला, सुपरवायझरचं सांगितलं. मास्तर हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांना पाणी आलं.

“किती मागितलेत म्हणालात?”

“चाळीस.”

“टोकं फाकणारच. साटीन आहे ते.”

त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं चादरीवर टेकवली. बोटं कात्रीसारखी उघडत मिटत पुढं सरकू लागली. टोकाशी थांबली, वळली, पुन्हा आत आली. ताईंनी खुर्ची जवळ ओढली, वर्तमानपत्र खाली ठेवलं, आणि चादरीची कड दोन्ही हातांनी धरून ताणली.