तिसरा ठोका

मी टाकी बोलतेय. पाच हजार लिटरची, स्टीलची, डोक्यावर माणूस मावेल एवढं गोल तोंड असलेली. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका बंद शेडच्या मागच्या आवारात मी पडून आहे. तुम्ही मला विकत घ्यायच्या विचाराने आला असाल तर बसा जरा त्या विटांवर. झाकणाला मात्र एवढ्यात हात लावू नका. आधी ऐकून घ्या, मग काय ते ठरवा.

माझा जन्म उल्हासनगरचा. तिथे जुन्याचंच नवं करतात आणि असं बेमालूम करतात की घेणाऱ्याला सांगूनही खरं वाटत नाही. माझं बूड एका डेअरीच्या दुधाच्या टाकीचं. पोटाचे पत्रे कोरे. आणि तोंडाजवळचा, खांद्याचा पत्रा कुठल्याशा कारखान्याची टाकी कापून भंगारात आली होती, तिच्यातला.

या पत्र्याला आतल्या बाजूने चार ओरखडे होते, एकाशेजारी एक. वेल्डरने घासून गुळगुळीत करायचा बफ मारला, पुन्हा मारला, पण ते काही जाईनात. तेव्हा भंगारवाला चहा पिता पिता सहज बोलून गेला की त्या टाकीत मधू नावाचा एक माणूस साफसफाईला उतरला होता, तो वर आलाच नाही. वेल्डरने पत्र्याला हात जोडले आणि पुन्हा काच डोळ्यांवर ओढली. पदरी पडलं पवित्र झालं, दुसरं काय म्हणणार?

तो पत्रा शेजारच्या पत्र्यांहून पातळ होता. मी तापून निवायला लागले की तो वाजायचा. टक. मग जरा थांबून टक. मग आणखी एकदा टक. बरोबर तीन. मला घ्यायला आलेल्या हरेश शेठना वेल्डरने हा दोष सांगितला. शेठ उल्हासनगरचेच सिंधी, आयुष्य कापडाच्या धंद्यात गेलेलं. ते हसून म्हणाले, वाजू दे, तिच्याकडून गाणं थोडंच गाऊन घ्यायचंय.

शेठच्या डोक्यात एक वेड होतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात हे तुम्हाला ठाऊक असेल. देशावरचे साखर कारखाने ते उसाच्या मळीपासून करतात. त्यांचं सोपं आहे हो, मळीत साखर उघड्यावर बसलेली असते, खमीर टाकलं की काम सुरू. शेठ म्हणायचे, बदलापूर-वांगणीच्या शेतांत भात झोडल्यावर पेंढा उरतो. शिरगावात जिथे गोठे होते तिथे इमारती झाल्या, मग तो पेंढा खाणार कोण? लोक पेटवून देतात. त्यातूनच इंधन काढायचं.

पेंढ्यातही साखर आहे, पण कडीकुलपात. आधी तो बारीक कापायचा, आम्लाच्या पाण्यात शिजवायचा, मग एन्झाइम नावाचं औषध घालून त्याची साखर मोकळी करायची. मग तो काढा माझ्या पोटात यायचा. मी खमिराबरोबर तो तीन दिवस आंबवायचे आणि पुढे भट्टीत त्याचं इथेनॉल निघायचं. सगळं नीट व्हायचं, फक्त खर्चाचं गणित बसायचं नाही. एन्झाइम म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पेंढा वजनाला हलका, टेम्पो दिसायला भरलेला पण निम्मा वाराच वाहून आणायचा. पीक दिवाळीच्या सुमाराला एकदाच येणार, साठा मात्र वर्षभर कोरडा ठेवायचा. शंभर किलो पेंढ्यातून वीस लिटर निघालं तर शेठ पेढे वाटायचे. विकायचा भाव सरकारने ठरवलेला, तो आमच्या खर्चाच्या खाली.

तरी शेठनी हट्ट सोडला नाही. एका मोठ्या कंपनीने कबूल केलं होतं की न बिघडता लागोपाठ पाच घाणे काढून दाखवा, सहावा टाकीत आंबताना आम्हाला दाखवा, मग मोठा कारखाना घालायचं बघू. त्या सहाव्या घाण्यावर शेडमधल्या सगळ्यांची भाकरी अवलंबून होती.

आता माझ्या श्वासाबद्दल सांगते. खमीर साखर खातं तेव्हा इथेनॉलबरोबर एक वायूही सोडतं. त्याला रंग नाही, आवाज नाही. हवेपेक्षा तो जड, त्यामुळे काढा काढून घेतला तरी तो माझ्या पोटात तळाशी बसून राहतो. माझ्या तोंडावर चिलटं यायची, जरा खाली उतरायची आणि मुकाट्याने पडायची. एकदा एक पाल आतून चालत गेली. अर्ध्या वाटेत तिचे पाय सुटले. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही कधी. पण माझ्या पोटात जे होतं ते असं होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

हे पुरतं ओळखणारा एकच माणूस तिथे होता, हिंदुराव. देशावरचा, हळदीच्या गावचा. त्याच्याकडे हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे. पेव उघडलं की आधी दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. "कंदील विझला तर माणूस विझतो," असं तो सगळ्यांना सांगायचा. इथे इथेनॉलमुळे आगकाडीलाही बंदी, मग कंदील कुठला? म्हणून त्याने हवा मोजायचं छोटं यंत्र गळ्यात अडकवलं होतं, ताईत घालावा तसं. त्याचा नियम ठरलेला. तासभर पंखा लावून हवा खेळवायची, यंत्र आत सोडायचं, मग कमरेला दोर बांधून एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने वर दोर धरायचा. माझ्यावर चढताना तो चपला शिडीखाली काढायचा. पेवावर पायताण घालून चढू नये, अशी त्याच्या घरची रीत.

उतरायचं काम पदूचं. बारवी धरणाकडच्या ठाकरवाडीतला, अंगाने काटक. पेंढ्याचा गाळ माझ्या तळाला असा चिकटायचा की तो हातानेच खरवडावा लागायचा. पदूची बायको आवडी आवारात पेंढा वाळवायची. मोहाची दारू गाळणाऱ्यांच्या घरातला तो, आंबवणं त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. माझ्या पोटाला कान लावून तो सांगायचा, "आजून बोलतंय, उद्याच्याला गप व्हईल." आणि तसंच व्हायचं. सगळ्या शेडमध्ये माझ्याशी माणसासारखा वागला तो एकटा. माझा त्याच्यावर फार जीव होता, हे सांगायला मला लाज नाही.

माझे तीन ठोके त्याने पहिल्यांदा ऐकले तेव्हा तो हिंदुरावला वाडीतली एक गोष्ट सांगत होता. रानात कुणी नावाने हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. थांबायचं, मोजायचं. "भुताला दोनच हाका येत्यात. तिसरी हाक आली तर समजायचं, जिता माणूस हाय, अडलाय, त्याच्याकडं गेलंच पायजे." ही त्याच्या बापाची शिकवण. हिंदुराव म्हणाला, चला, म्हणजे आपली टाकी जिवंत आहे. दोघं हसले. मीही तेव्हा त्यात गंमत मानली.

पाचवा घाणा निघाला तो शुक्रवार होता. कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. काढा उपसून झाला, मला गरम पाण्याने खळबळून धुतलं आणि पंखा लावला. जेमतेम दहा मिनिटं झाली आणि लाइट गेली. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी जायचीच, पण घाईत सगळे विसरले. हिंदुराव जनरेटर लावायला शेडच्या मागे गेला. तिकडे मला धुतलेलं पाणी गुडघाभर साचलं होतं, म्हणून त्याने गमबूट चढवले. चपला माझ्या शिडीखालीच राहिल्या, आणि यंत्र त्याच्या गळ्यात.

पदू तेव्हा गेटवर आवडीबरोबर भाकरी खात होता. शेठचा फोन आला, काहीही करा पण चारच्या आत टाकी भरायला घ्या. पदू हात धुऊन लगबगीने आला. पंखा बंद. हिंदुराव दिसेना. त्याच्या चपला शिडीखाली. पदू वर चढला आणि माझ्या तोंडाशी उकिडवा बसला.

आणि मी निवायला लागले होते.

टक. टक. टक.

पदूचा चेहरा मला अजून दिसतो. त्याने चपलांकडे पाहिलं, मग माझ्या काळोख्या तोंडाकडे. त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. म्हातारा घाईत आपणच आत उतरला आणि पडला, आता पत्रा ठोकतोय. एरवी ते ठोके माझे हे तो जाणून होता, पण त्या चपलांपुढे ते त्याला सुचलंच नाही. भर दुपार होती, बाहेर ऊन रणरणत होतं, पण माझ्या पोटात हिंदुराव पडलाय की नाही ते दिसण्याइतका उजेड नव्हता.

"दादा," त्याने आत वाकून हाक मारली. "हिंदुराव दादा, तुमी हाव का?"

तळाचा गाळ अजून बुडबुडत होता. तो आवाज त्याला धापेसारखा वाटला असणार. त्याने एक पाय आतल्या शिडीवर ठेवला. मग थांबला. बापाची शिकवण आठवली असेल. पहिले ठोके तो अर्धवट ध्यानात ऐकून होता, आता नीट मोजणार होता. तीन आले की उतरायचं.

मला माझा पत्रा ठाऊक होता. तो एकदा वाजून थांबत नाही, गरमी पुरती उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजतो, आणि कायम तीन. ज्या माणसाने मला जिवंत मानलं, तो माझ्या जिवंतपणाच्या खुणेवरच मरणार होता. मी ओरडायला बघितलं. टाकीला ओरडायला कुठला गळा? तळातून दोन बुडबुडे तेवढे आले.

टक.

पदूने दुसरा पायही आत घेतला. आता तो कमरेपर्यंत माझ्यात होता.

टक.

मी सगळा जीव त्या खांद्याच्या पत्र्यात एकवटला. थांब, बाबा, थांब. पण पत्रा काय ऐकतो? गरमी गेली की तो आक्रसतो, आक्रसला की वाजतो. तिसरा ठोका उमटायला निघाला, मला तो पत्र्याच्या कडेला जाणवला, आणि मधेच थांबला. पदू श्वास रोखून बसला होता. ठोका आला नाही. आणखी वेळ गेला, तरी नाही.

दोनच. म्हणजे हाक जित्या माणसाची नव्हती. पदू उपडा होऊन बाहेर पडला, बाहेरची शिडी घसरतच उतरला आणि आवडीकडे पळत सुटला. त्याच वेळी मागे जनरेटर घरघरला आणि गमबुटांची फताफत करत हिंदुराव कोपऱ्यावरून आला. पदूने त्याला दंडाला, पाठीला हात लावून पाहिलं आणि घडलेलं सांगितलं.

सगळं ऐकल्यावर हिंदुराव वर चढला आणि त्याने यंत्र दोरीने माझ्यात सोडलं. हातभर खाली जाताच ते किंचाळायला लागलं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "पदू, तू पडला असतास तर तुला काढायला मी उतरलो असतो." आवडीने नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

त्या दिवशी घाणा भरला नाही. शेठ आले, ऐकलं, आणि राहू दे एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन तास पंखा लावून, यंत्र सोडून, दोर बांधून हिंदुराव स्वतः उतरला. वर दोर पदूच्या हातात. टॉर्चच्या उजेडात हिंदुरावला खांद्याच्या पत्र्यावर वाळलेल्या गाळात एक हात उमटलेला दिसला. पाची बोटं पसरून, सपाट ठेवलेला. वाजणारी थाळी आपण तळव्याने थांबवतो तसा. चार बोटांची टोकं बरोबर त्या चार ओरखड्यांवर होती. हिंदुरावने आपला पंजा शेजारी धरून पाहिला. त्याचा मोठा होता. पदू तर कमरेपेक्षा जास्त आत उतरलाच नव्हता, आणि त्याचे दोन्ही हात बाहेर माझ्या कडेला होते.

हिंदुरावने वर काही सांगितलं नाही. माझं सगळं पोट घासून काढलं, तेवढी जागा सोडून.

कंपनीची माणसं त्या सकाळी आलीच होती. त्यांनी रिकामी टाकी पाहिली, कागद पाहिले. काम चांगलं आहे, म्हणाले, पण लिटरमागचा खर्च बसत नाही, एन्झाइम स्वस्त झालं की बघू. काही महिन्यांनी शेठनी शेडला कुलूप लावलं. हिंदुराव गावी गेला. पदू आता शिरगावात इमारतींच्या कामावर असतो. दसऱ्याला आवडीबरोबर येऊन माझ्या कडीला झेंडूची माळ घालून गेला, पोटाला कान लावून थोडा वेळ उभा राहिला. कुणाला ऐकत होता ते मला ठाऊक आहे.

तर अशी मी. उन्हात तापते, कलत्या दुपारी निवते, आणि वाजते. त्या शुक्रवारपासून दोनच ठोके. तिसरा निघतो तेव्हा आतून कुणीतरी पत्र्यावर हात टेकतं, आणि मला बरं वाटतं.

खुशाल न्या मला. पाणी भरा, पेंढा आंबवा, हवं तर कापून विका. फक्त तो खांद्याचा पत्रा बफ करू नका. आणि माझ्यात उतरायची वेळ आलीच तर पंखा, यंत्र, दोर यातलं काही विसरू नका. जोवर दोन ठोके येताहेत तोवर मधू आत आहे, तो जपेल. एखाद्या दिवशी तिसराही वाजला, तर समजा की तो बिचारा एकदाचा सुटला, आणि आता माझ्यात तुम्हाला थांबवणारं कुणी उरलं नाही.