पुडीत काय होतं

सन १९८९. कोलशेतच्या कोळीवाड्यात त्या मंगळवारी महिपतच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध त्याची बायको मालन हात पुढे करून बसली होती. तिच्या बोटांवर ठेवलेलं विड्याचं पान थरथरत होतं.

"वारा आहे? नाही! बाई हलवते? नाही!" तानाजी भगत गरजला. "मग पान हलवतं कोण? बोला, आईचा..."

"उदो!"

"आईला यायला आमची मालनच बरी सापडली," जाऊ शेवंती पुटपुटली.

"वहिनी, गप बसा," महिपतने दटावलं.

सहा महिन्यांत मालन दोघांचं जेवण जेवूनही वाळली होती. डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसत. झोप उडाली होती. 'घरातले मला विष घालतात' म्हणून ती रडायची, ताट भिरकावायची. महिपत बी.एस्सी., औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात. गोळ्यांचा एकही लॉट त्याच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. भगताने दिलेली अंगाऱ्याची पुडी मात्र त्याने कपाळाला लावून घरात घेतली.

नऊ मंगळवारांचं व्रत, सकाळ-संध्याकाळ चिमूटभर अंगारा. आणि खरंच, महिन्याभरात मालनचा चेहरा भरला, थरथर कमी झाली. अंगणातली गर्दी दुप्पट झाली. नवव्या मंगळवारी उद्यापन झालं, खाडीत नारळ सोडला आणि नियमाप्रमाणे अंगारा बंद. चौथ्या दिवशी ओकून ओकून मालन मोरीपाशी कोसळली.

"उद्यापनात विटाळ झालाय," भगत दारातूनच म्हणाला. "बाईला विचार."

आणि महिपतने विचारलं. अर्धवट शुद्धीतल्या बायकोच्या कानाशी वाकून विचारलं, "काय केलंस तू? खरं सांग."

"भावोजी, लाज वाटू द्या!" शेवंतीने त्याला बाजूला ढकललं आणि रिक्षा आणली.

ठाण्याच्या रुग्णालयात सलाईन आणि इंजेक्शनांनी मालन सावरली. दोन दिवसांनी डॉक्टर मंदाकिनीबाईंनी तिच्या पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. तोही थरथरला.

"गळ्यातली थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करते आहे," त्या म्हणाल्या. "डोळे, वजन, थरथर, सगळं त्यामुळेच. तो संशय, ते रडणंसुद्धा. पण हे कोसळणं वेगळं. हिला कसली पावडर देत होतात?"

उरलेली पुडी महिपतने कारखान्याच्या प्रयोगशाळेत स्वतः तपासली. राख गाळून काढलेल्या द्रावणाचा ठिपका काचपट्टीवर स्टेरॉइडच्या नमुन्याइतक्याच उंचीवर चढला, म्हणजे पुडीत तेच औषध होतं. भगत राखेत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घालत होता. त्यांनीच थरथर दबली होती. चेहरा भरला नव्हता, सुजला होता.

"हे औषध बाहेरून मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं काम थांबवतात," डॉक्टरांनी सांगितलं. "मग ते एकदम तोडलं की माणूस कोसळतो. जीवही जातो."

मालन घरी आल्यावरच्या मंगळवारी महिपतने भगताला आणि लोकांना पुन्हा अंगणात बोलावलं, ती काचपट्टी गर्दीसमोर धरली आणि सारं समजावलं.

"देवीच्या अंगाऱ्याची परीक्षा घेतोस?" भगत ओरडला.

"उशिरा घेतली."

भगताने ताम्हन उचललं आणि मागे न बघता वाट धरली. लोक महिपतची वाहवा करू लागले. तेव्हा दाराशी टेकून बसलेली मालन क्षीण आवाजात म्हणाली, "मला काय विचारलंत, तेही सांगा की यांना."

महिपतने काचपट्टी खाली ठेवली. त्याची मान वर होईना.

"पुडीत काय आहे, हे मी भगताला विचारलं नाही," तो अखेर म्हणाला. "बायको मरणाच्या दारात होती, तेव्हा तिला विचारलं, तुझं काय चुकलं. मी शिकलेला माणूस. तुम्ही असं करू नका. घरात कुणाचे हात थरथरले, कुणी विनाकारण रडू लागलं, तर त्याचा दोष शोधू नका, त्याला दवाखान्यात न्या. आणि पुडी कुणीही देवो, आत काय आहे ते आधी विचारा."