मामांसाठी आडोसा

रविवारी माझे सासरे, मुंजाबामामा, गावी निघणार होते. कायमचे. बीड बायपासच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये त्यांना करमेना. "म्हाताऱ्या माणसाला नाय रुचत शहर," म्हणून ह्यांनी विषय मिटवला. मला मात्र खरं कारण ठाऊक होतं. त्या घरात कुठंच आडोसा नव्हता.

आधी आम्ही चितेगावला एकाच खोलीत राहायचो. मधोमध तारेवर फुलाफुलांचा पडदा, अलीकडं मामांची बाज, पलीकडं माझी चूल. सासऱ्याच्या समोर उभं राहून सुनेनं मोकळं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सासूबाई लवकर गेल्या, हे कंपनीत, म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघंच. पण पडद्याआडून मामा असे बोलायचे की बस्स! मेंढरांमागं हिंडलेली रानं, तिथं भेटलेले लांडगे, सासूबाईंचे रुसवे.

"पोरी, भाजीत मीठ टाकायला इसरलीस व्हय?"

"तुमच्या जिभेलाच काय झालंय बघा, मामा!" मी फटकन म्हणायची.

नव्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर एकच. पाहुणे वाखाणतात. मामा मात्र खुर्चीत मान खाली घालून बसायचे. चहा देऊ का विचारलं तर "हं". जेवणार का, तरी "हं". मग मीही विचारणं कमी केलं.

शुक्रवारी मी दुकानात जाऊन घडीचं लाकडी पार्टिशन पाहिलं. म्हटलं, पलीकडचं दिसायला नको. तर सगळ्यांना नक्षी, सगळ्यांना भोकं! "आजकल यहीच चलता मॅडम, उजाला पास होना ना," दुकानदार म्हणाला. नाइलाजानं त्यातली बारीक जाळी आणली. "रत्नमाला, एवढ्या मोकळ्या हॉलमध्ये हे काय उभं केलंस?" हे वैतागले. मी ते ओढून गॅसजवळ नीट उभं केलं.

शनिवारी हे कामावर गेले. मी जाळीमागं भाकरी थापायला घेतली, परात मुद्दाम आपटली. मामांनी नुसतं वर पाहिलं. जाळीतून त्यांना माझा पदर दिसत होता, मला त्यांचे डोळे. लोकांच्या या मोकळ्या-उजेडाच्या हौसेचा मला असा संताप आला!

मग मामा उठले. खुर्ची उचलली, भिंतीकडं तोंड करून मांडली आणि जाळीला पाठ देऊन बसले.

"पोरी."

"जी मामा."

"भाकर लई जाड व्हाया लागलीया तुझी."

"मग उद्या जा गावाकडं, खा पातळ!"

ते हसले.

"गावात तरी कोण हाय माझं?" ते हळूच म्हणाले. "तू बोलंनाशी झालीस. मला वाटलं, माझी अडचण व्हायलीय तुला."

माझी भाकरी अर्धवट थापलेलीच राहिली. "अडचण? मामा, तुम्ही गेल्यावर या घरात मी बोलायचं कुणाशी?"

त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले.

"मग हे आधी का नाय म्हणलीस?"

"तुमच्या तोंडावर कसं म्हणू, मामा?"