मुठीवरचं टोपण

“दोन्ही बाजूंनी दाबायचं, दाबून धरायचं आणि मग फिरवायचं,” मुलगा म्हणाला.

बाथरूमच्या दाराच्या गोल मुठीवर त्याने नुकतंच पांढरं प्लॅस्टिकचं टोपण बसवलं होतं. नुसतं फिरवलं की ते मुठीभोवती गरगरत राही आणि दार काही उघडत नसे. लहान मुलाच्या हातात तेवढा जोर नसतो, तीच त्यातली गंमत, असं तो बायकोला समजावत होता. सुनेने करून पाहिलं. तिला लगेच जमलं. मग त्याने आईकडे पाहिलं.

“तुला जमेल ना गं?”

“न जमायला काय झालं?” आई म्हणाली आणि हात शालीत घेऊन खिडकीशी जाऊन बसली.

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत तिला सगळे सिस्टरबाईच म्हणत. सबंध आयुष्य तिने वॉर्डात काढलं होतं. पण ते टोपण बसवायची वेळ तिच्यामुळेच आली होती. आदल्या आठवड्यात बाथरूममधून बाहेर येताना ती दार ओढून घ्यायला विसरली. नुकतीच पळायला शिकलेली नात आत शिरली. सहज म्हणून गेलेल्या सुनेला दिसलं ते असं, की पिल्लू भरल्या बादलीवर ओणवं झालं आहे, पाय जमिनीवरून सुटलेत आणि जावळाची टोकं पाण्यात भिजली आहेत. सुनेने तिला उचललं आणि छातीशी धरून तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिली. झालं काहीच नव्हतं. सिस्टरबाईंना कुणी अवाक्षर बोललं नाही. बोललं असतं तर बरं, असं त्यांना फार वाटलं.

त्यामुळे टोपणाबद्दल तक्रार करायला तोंडच नव्हतं. दोन्ही अंगठ्यांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. बाटलीचं झाकणही त्या आताशा सुनेकडून उघडून घेत. टोपण कधी फडका गुंडाळून, दोन्ही हातांनी रेटून फिरे, कधी काही केल्या फिरत नसे. मग त्यांनी आपल्यापुरता मार्ग काढला. सकाळचा दुसरा चहा सोडला. पाणी घोटभरच प्यायच्या. सगळे बाहेर पडण्याआधी एकदा जाऊन यायचं, आणि सून औषधाच्या दुकानातून दुपारी जेवायला आली की तिच्या मागोमाग. “आई, जेवण कमी झालंय का तुमचं? तोंड सुकलंय,” असं सून एकदा म्हणाली, तेव्हा उकाडा फार आहे, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्या दिवशी सुनेला उशीर झाला. दुकानात माल आला होता. पिल्लू झोपलं होतं. सिस्टरबाई दाराशी गेल्या, फडका गुंडाळला, दाबलं. टोपण नुसतंच फिरलं. पुन्हा दाबलं. तळहात घामेजले होते. शेजारी कुणाला हाक मारावी असंही मनात आलं, पण हाक मारून सांगायचं काय? त्या दाराला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. पायांवरून ऊन पाण्याची धार गेली, तेव्हासुद्धा मूठ त्यांच्या हातातच होती.

वॉर्डात अंथरूण ओलं झालं की भले दांडगे पुरुष भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांची चादर बदलता बदलता सिस्टरबाई भलत्याच विषयावर गप्पा काढायच्या. लाजण्यासारखं काही नाही त्यात, असं त्यांनी किती जणांना सांगितलं असेल. आज ते आठवलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

कपडे कसेबसे बदलून, दोरीवरचा टॉवेल ओढून त्या फरशी पुसत होत्या, तेवढ्यात पिल्लू उठून आलं आणि ओल्यात थपथप पाय आपटून हसायला लागलं. त्याच क्षणी सून आत आली. तिने फरशी पाहिली, टॉवेल पाहिला.

“पिल्लूने केलं,” सिस्टरबाई म्हणाल्या.

सुनेने लेकीला उचललं. “असं करतात का बाळा? आजीला किती काम पडलं बघ,” असं दटावलं. आवाज चढलेला पाहून पोरीने ओठ काढला आणि आजीकडे हात पसरले. सून डायपर बदलायला घेऊन गेली. डायपर कोरडा होता. सिस्टरबाईंना दारातून ते दिसलं, आणि सुनेला दिसलं हेही त्यांना दिसलं.  सुनेने लेकीला कडेवर घेतलं, फरशी नीट पुसली, आणि पुसताना दुकानात आलेल्या एका विसराळू गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत राहिली.

संध्याकाळी मुलगा आला, तेव्हा सिस्टरबाई स्वयंपाकघरात होत्या. बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं. ते टोपण काढून टाका, मला ते उघडत नाही, असं सून नवऱ्याला सांगत होती. साबणाचा हात असला की सटकतं म्हणे. तो हसला. लहान पोरांसाठीचं टोपण आणि तुलाच उघडत नाही, असं कसं, पहिल्याच दिवशी तर चुटकीसरशी उघडलंस, म्हणून तो चिडवायला लागला. सून ऐकून घेत होती. दुपारी पोरीने बोलणी खाल्ली, आता पोरीची आई खात होती.

सिस्टरबाईंनी गॅस बंद केला आणि बाहेर आल्या.

“तिला जमतं,” त्या म्हणाल्या. “मला जमत नाही. दुपारी फरशीवर झालं ते माझं होतं. मी पिल्लूवर ढकललं.”

मुलाचं हसू तोंडावरच राहिलं. “अगं, पण तू म्हणालीस...”

“म्हणाले.”

तो तिच्या हातांकडे पाहत राहिला. रोज त्याच हातांनी वाढलेलं तो जेवत होता.

मग तो उठला. खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक सरकती कडी घेऊन आला. टोपण काढलं. कडी पोरीच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर, आणि तळव्याने लोटली तरी सरकेल अशी बसवायची होती.

“आई, हात वर कर,” तो हळूच म्हणाला. “सहज जाईल तेवढाच.”

सिस्टरबाईंनी दाराला पाठ लावून हात वर केला. त्याने त्यांच्या वाकड्या बोटांशी पेन्सिलची बारीक रेघ ओढली. मग खाली वाकून तो पिशवीत स्क्रू शोधायला लागला. स्क्रू त्याच्या डाव्या मुठीतच होते. तरी तो बराच वेळ शोधत राहिला, आणि तोवर सिस्टरबाई तशाच हात वर करून उभ्या होत्या.